आईच्या पोटावरची सरळ रेघ

आईच्या पोटाची जबाबदारी मी घेतली होती. पूर्णच्या पूर्ण! "तुम्ही सगळे निवांत बसा," मी आदल्या दिवशी घरात जाहीर केलं, "कापाकापी डॉक्टर करतील, बाकी सगळं माझ्यावर सोडा."

आता तुम्ही म्हणाल, एवढा आत्मविश्वास आला कुठून? तर गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' सुद्धा इतकी पुटपुटत म्हणायचे की बाई माझी गैरहजेरी लावायच्या. मग वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. (पहिली आलेली मुलगी भाषणात रडली. मी नाही रडले, एवढाच फरक.) तेव्हापासून माझ्या लक्षात आलं, की जग बऱ्याच ठिकाणी चुकतंय आणि कुणीतरी उठून ते सांगायची गरज आहे.

तर आई. आई आणि मावशी मिळून शिवणाचं दुकान चालवतात. गेल्या दीडेक वर्षात आईनं मनावर घेतलं आणि ती जवळजवळ निम्मी झाली. पण झालं असं, की आई बारीक झाली आणि कातडी जुन्याच मापाची राहिली! उशी काढून घेतलेला अभ्रा असतो ना, तसं पोट. त्या घडीखाली घाम साचायचा, पुरळ यायचं, कापड कापायला टेबलावर वाकली की पोट आधी टेबलावर आणि आई मागून. "मी स्वतःच अल्टरला आलेय," असं ती हसत म्हणायची. पण रात्री मलम लावताना हसायची नाही, ते मी पाहिलं होतं.

म्हणून ती जास्तीची कातडी काढायचं ऑपरेशन. तारीख मिळायला कित्येक महिने लागले होते.

त्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात. सिस्टर म्हणाल्या, "गळ्यातलं, कानातलं सगळं काढून ठेवा." आईनं कानातलं काढलं आणि गळ्यातून मोजायची टेप काढली. ती टेप घालून आली होती! तिलाच माहीत नव्हतं.

मग सर्जन मॅडम आल्या. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. आईला सरळ उभं करून त्यांनी जांभळ्या मार्करनं तिच्या पोटावर रेघा काढल्या. खाली एक लांब, वर एक कमान. बाबा ते बघून पांढरे पडले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन आडवे झाले.

"या रेघांवर मी कापणार आहे," मॅडम म्हणाल्या. "यांना हात लावायचा नाही. या पुसल्या तर आज ऑपरेशन होणार नाही. कळलं?"

"कळलं!" मी म्हणाले. सगळ्यांच्या वतीनं.

मॅडम गेल्या. आई बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिली. आणि तिथेच सगळं फिसकटलं.

"अगं," आई म्हणाली, "ही खालची रेघ डावीकडे उतरलीये का?"

मी डोळा बारीक केला. खरंच की! चांगली बोटभर उतरली होती.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "त्या एवढ्या शिकलेल्या..."

"आई! गिऱ्हाइकाचा घेर तिरका आला तर तू जाऊ दे म्हणतेस?"

आईनं परत आरशात पाहिलं. माझं वाक्य तिला नेमकं लागलं होतं. तिरका घेर म्हणजे आमच्या घरात चोरीच्या खालोखालचा गुन्हा!

घेर मोजतात जमिनीपासून. म्हणून मी फरशीवर गुडघे टेकून टेप लावली. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. शंकाच नको! तरी मी घाई केली नाही. मी जबाबदार मुलगी आहे. मी तज्ज्ञांचं मत घ्यायचं ठरवलं आणि मावशीला व्हिडिओ कॉल लावला.

मावशी दुकानात होती. तिनं फोन इस्त्रीला टेकवून ठेवला आणि चष्मा लावला. तिच्या खांद्यावरून अजून एक चेहरा डोकावला. त्या हुकवाल्या काकू. दर आठवड्याला हुक सैल करायला येतात.

"अगंबाई, तिरकी आहे!" मावशी किंचाळली.

"मलाही तिरकीच वाटते," हुकवाल्या काकू म्हणाल्या.

"आणि माया सोडलीये का? शिवणीसाठी दोन्हीकडून माया सोडायला नको? का बरोबर रेघेवर कापून मोकळ्या होणार?"

"मॅडम म्हणाल्या रेघेवरच कापणार," मी म्हणाले.

"बघा! मग ओढून ओढून शिवणार आणि आपली ताई आयुष्यभर वाकून चालणार! सोन्या, तू असं कर. ती रेघ पूस, सरळ काढ, अर्धा इंच आत घे. आणि कमरेला दोन्हीकडून टक्स दे. टक्सशिवाय पोटाला आकार येत नाही."

"चार दे," हुकवाल्या काकू म्हणाल्या.

"मला नकोत गं टक्स," आई क्षीण आवाजात म्हणाली. सकाळपासून उपाशी होती बिचारी, वाद घालायची ताकद नव्हती.

मी सॅनिटायझरचा बोळा फिरवला. डॉक्टरांची रेघ जरा हट्टी निघाली, पण मीही कमी नाही! पोट लालबुंद झालं आणि रेघ गेली, तिच्याबरोबर वरची कमानही. मग आईच्या पर्समधून निळा पेन काढला आणि काय सांगू तुम्हाला, अशी देखणी रेघ काढली की वहीत काढली असती तर बाईंनी फळ्यावर लावली असती! सरळ! अर्धा इंच आत! वर नवी कमान! दोन्ही बाजूंना टक्स! तेवढ्यात पेन अडखळायला लागला, म्हणून शेवटचं लिखाण कंपासपेटीतल्या बॉलपेननं केलं. बेंबीशेजारी लिहिलं, 'पुढचा भाग', आणि वर जाणारा बाण. कापलेल्या तुकड्यावर हे लिहायचंच असतं, नाहीतर उलटं जोडलं जातं.

"झालं!" मी म्हणाले. आईनं गाऊन खाली सोडला. सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन आल्या. मी खुर्चीमागून अशी चालले, जणू सर्जन मीच आणि त्या मॅडम माझ्या मदतनीस.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मॅडमनी आईला उभं केलं, गाऊन वर केला आणि थांबल्या.

मीही बघितलं.

रेघ नव्हती! एकही नव्हती! ना सरळ, ना तिरकी, ना टक्स! पोट कोऱ्या कागदासारखं स्वच्छ. फक्त बेंबीशेजारी माझ्या सुवाच्य अक्षरात: 'पुढचा भाग'. आणि बाण.

तेव्हा मला कळलं मी कुठला पेन उचलला होता. शिवणाचा तो उडणारा पेन! कापडावर खूण करायची आणि थोड्या वेळानं ती आपोआप नाहीशी होते, डाग राहत नाही. आईचा आवडता पेन.

मॅडमनी चष्मा वर केला. वाचलं. परत वाचलं.

"बरं झालं सांगितलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी मागून सुरुवात करणार होते."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"कुणी केलं हे?"

वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आलेली मुलगी त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे! "मी," मी म्हणाले. त्यांना 'हजर'पेक्षाही कमी ऐकू आलं असणार. "रेघ तिरकी होती म्हणून..."

"माझी रेघ तिरकी होती?"

तेवढ्यात माझ्या खिशातून आवाज आला, "होतीच! बोटभर उतरली होती!"

फोन! मी फोन बंदच केला नव्हता!

"टक्स विसरू नका म्हणावं!" हुकवाल्या काकूंचा आवाज.

मॅडमनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्या हातावर ठेवला, चोरीचा माल ठेवतात तसा.

"मी सर्जन बोलतेय."

"बरं झालं भेटलात," मावशी म्हणाली. मावशी कुणालाच घाबरत नाही. "शिवायला दोरा कुठला वापरणार?"

"आतून विरघळणारा."

पलीकडे भूकंप. "विरघळणारा? अहो, मग उसवणार नाही का? काय बाई हे! थांबा, मी निघालेच! चांगला पक्का दोरा घेऊन येते!"

मॅडमनी फोन बंद करून मला परत दिला. आणि सिस्टरना म्हणाल्या, "आजचं राहू दे. पुढची तारीख देऊ."

मी आईकडे पाहिलं. आई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं फक्त गाऊनच्या आत हात घालून पोट वर उचलून धरलं, उभं राहताना नेहमी धरते तसं. भरलेली पिशवी धरावी तसं.

"मॅडम," ती म्हणाली, "मुलीचं ऐकणारी मीच. तिला काय बोलायचं ते बोला, मलाही बोला. पण आजच करा हो. मला सुंदर नाही व्हायचं. मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत. एक हात कायम ह्याच्यातच अडकलेला असतो."

मॅडम खाली बसल्या. आईच्या कमरेच्या दोन्ही हाडांवर दोन बोटं ठेवली.

"इकडे ये गं, टेपवाली. हे हाड बघ आणि हे बघ."

डावं हाड खाली होतं. बोटभर!

"किती वर्षं मशीन चालवताय, ताई?"

"लग्नाच्या आधीपासून."

"एकाच पायानं पायडल मारत असणार. कंबर कललीये. म्हणून रेघ जमिनीला नाही, कमरेला समांतर काढलेली होती. हिची सरळ रेघ कापली असती तर पोट कायमचं एका बाजूला ओढलेलं राहिलं असतं." मग माझ्याकडे वळून, "तू जमिनीपासून मोजलंस ना?"

मी मान हलवली.

"जमिनीचं ऑपरेशन नाहीये आज."

एवढं बोलून त्यांनी मार्कर मागितला. सिस्टरनी पोट स्वच्छ केलं. 'पुढचा भाग' मात्र काही केल्या जाईना! मॅडम म्हणाल्या, असू दे, हा भाग असाही काढूनच टाकायचाय. आणि नव्यानं रेघ काढली. तिरकी. मला इतकी सुंदर रेघ आयुष्यात दिसली नव्हती.

आई आत गेली. मी बाहेर बाबांच्या शेजारी बसले आणि शपथ घेतली: यापुढे कुणी विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. बाबा म्हणाले, "काय झालं आत?" मी तोंड उघडलं नाही. त्यामुळे बाबा परत पांढरे पडले आणि परत आडवे झाले.

मावशी धापा टाकत आली. हातात दोऱ्याची तीन रिळं, "रंग जुळला पाहिजे ना!" तिच्यापुरती शपथ मोडून मी तिला तिरक्या हाडाचं सगळं समजावून सांगितलं. ती ओशाळून रिळं पर्समध्ये ठेवत म्हणाली, "आपण आता एक अक्षर बोलायचं नाही हं. शहाण्यासारखं बसायचं."

बसलो. शहाण्यासारखं. खूप वेळ.

शेवटी मॅडम बाहेर आल्या. पहिल्यांदाच हसत! "सगळं छान झालं. दोन आठवडे जरा वाकून चालतील, मग ताठ. दोन्ही हात मोकळे! बरीच कातडी निघाली, जवळजवळ उशीएवढी."

बाबांनी हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मावशीनं अगदी अदबीनं, दुकानातल्या आवाजात विचारलं, "मग उरलेला तुकडा आत्ता देताय की घरी सोडताना?"

"काय?"

"नाही म्हणजे, आमच्याकडे गिऱ्हाइकाला उरलेलं सगळं परत देतात. चिंधीसुद्धा ठेवून घेत नाही आम्ही."

मॅडमनी मावशीकडे पाहिलंच नाही. त्यांनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? मी एक अक्षर बोलले नव्हते! विचारलं मावशीनं! मी नुसती गप्प बसले होते!

हातात घडी केलेली पिशवी घेऊन.