रायलीताईंचं ठिगळ

ठिगळं मला बघवत नाहीत, मग ती पडद्याला असोत की कोडला. फिनलंडमधल्या ताम्पेरेतली आमची कंपनी सौनाच्या, म्हणजे वाफ घेत बसायच्या खोलीच्या, शेगड्या आणि त्या चालवणारा प्रोग्रॅम बनवते. यंत्राला कळेल असं त्या प्रोग्रॅमचं रूप कंपायलर करतो. ते कसं करायचं हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ती जुन्या, बावळट कंपायलरसाठी मारलेल्या ठिगळांनी गच्च भरली होती. नवा कंपायलर चांगला हुशार आहे. म्हटलं, शुक्रवारच्या आत सगळी उसवून टाकते!

एका ओळीपाशी मात्र लिहिलं होतं : ‘इथे कंपायलरची हुशारी नको. काढू नये. — रायली.’

रायलीताई शेजारच्याच टेबलावर बसतात.

“ताई, हे कशासाठी?”

“होतं काहीतरी कारण.”

“काय?”

“आठवत नाही. पण होतं.”

आठवत नाही म्हणजे नव्हतंच. ओळ उडवली. चाचण्या झटक्यात पास झाल्या. त्यांना शेगडी लागत नाही, कॉम्प्युटर पुरतो.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की ताजा प्रोग्रॅम आपोआप ऑफिसच्या सौनात जातो आणि शुक्रवारी गिऱ्हाइकाला तिथेच बसवायचं. त्या शुक्रवारी इनारीच्या हॉटेलवाल्या आउलिक्कीबाई आल्या होत्या. “ही ऑर्डर हुकली तर तुझा नि माझा दोघींचा गाशा गुंडाळला समज,” असं आमची साहेबीण सिर्पा सकाळीच म्हणाली होती.

रायलीताई धरून आम्ही चौघी सौनातल्या बाकावर बसलो. बाईंनी तापल्या दगडांवर पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा शेगडी बंद व्हायच्या खुणेच्या पुढे गेला, तरी शेगडी आपली धगधगतेच आहे. माझे कान भाजायला लागले.

“तूलिया, ही बंद का होत नाही?” सिर्पा कुजबुजली.

“होईल.”

“कधी?”

उठून जायची सोय नव्हती. पाहुणी बसलेली असताना सौनातून उठणं म्हणजे तिच्याआधी ताटावरून उठण्यासारखं.

“गरम होतंय का कुणाला?” बाईंनी विचारलं.

“छे,” तिघी एका सुरात म्हणालो. बाईंनी आणखी पाणी ओतलं.

“आठवलं,” रायलीताई हळूच म्हणाल्या. “तापमान मोजणाऱ्या सेन्सरला जरा उसंत लागते. म्हणून मी तिथे उगाच आकडे मोजत बसणारा कोड ठेवला होता. हुशार कंपायलरला तो बिनकामाचा वाटतो, काढून टाकतो. मग सेन्सरचा नवा आकडा यायच्या आत जुनाच वाचला जातो आणि शेगडीला वाटतं, खोली अजून गारच आहे.”

“मग जाऊन बंद करा ना!” सिर्पा फिस्कारली.

“मी नाही बाई आधी उठणार.”

शेवटी सुरक्षेचा खटका पडला आणि शेगडी विझली. बाई बाहेर आल्या त्या उकडलेल्या खेकड्यासारख्या लालभडक होऊन.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “सोमवारी सगळं पूर्ववत करते.”

“हात लावशील तर याद राख. जो तो कोमट शेगड्या विकतो. मला अशीच धग हवी.”

ऑर्डर मिळाली. सोमवारी रायलीताईंची ओळ मुकाट्याने परत घातली. आणि खटका पडणार नाही, पण बाईंचं समाधान होईल इतपत धग राहावी म्हणून तिच्याखाली इनारीपुरतं एक नवं ठिगळ मारलं. त्यावर लिहिलं : ‘काढू नये. — तूलिया.’

रायलीताईंनी वाकून वाचलं. “कारणही लिही की.”

“त्यात काय लिहायचं, ताई? लक्षात राहील.”