मोनालीला हात न लावू दिलेली गिटार

कबाड्याकडे मी खरं तर घरातला जुना टेबल-फॅन विकायला गेलो होतो. परत आलो तेव्हा काखेत गिटार होती.

"हे काय आणलं जी? लहान पोराची दिसते," माझी बायको मोनाली म्हणाली.

"पार्लर गिटार म्हणतेत याले. एवढीशीच राहते. अँटिक आहे!" (कबाडी एवढंच म्हणाला होता, "ले जाओ साब, जगह खाली होगी.")

मग महिनाभर मी कारागीर. गिटारची तडकलेली पाठ फेविकॉलनं चिकटवली, वर डाळीचे डबे ठेवले, नव्या तारा चढवल्या. पॉलिश वाळायला गच्चीवर ठेवलं, तर वाऱ्यानं उडालेला एक मूगपापड त्यावर येऊन बसला. गोल ठसा राहिला तो राहिलाच. (बघणाऱ्याला कंपनीची डिझाइन वाटते.) मोनाली जवळ आली की मी ओरडायचो, "हात नोको लावू वं, नाजूक चीज आहे!"

कॉलेजात असताना मोनाली गिटार वाजवायची, असं तिनं मला बरेचदा सांगितलं होतं म्हणे. (मॅच सुरू असावी.)

तेवढ्यात वस्तीतले देवराव आले. "चौदा एप्रिलले जयंतीच्या कार्यक्रमात तुमचं नाव टाकून देतो!"

"टाका," मी म्हणालो आणि सरावाला बसलो. मोबाइलमधला मास्तर दाखवेल तिथंच बोटं ठेवायचो, तरी जिन्यावरून बादली घरंगळल्यासारखा आवाज यायचा. नवीन तारा आहेत, मुरतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

जयंतीच्या संध्याकाळी स्टेजवर चढलो. खाप्याहून खास आलेल्या सासूबाई पहिल्या रांगेत. मी तारा छेडल्या. पोरं फिदीफिदी हसली, स्टेजखालचं कुत्रं उठून गेलं.

मोनाली तरातरा वर आली. "आना इकडं. जाडी तार खाली काहून आली? साऱ्या तारा उलट्या लावल्या तुमी!"

"मंग आता?"

"आता काय! मी डावखुरी आहे न जी. मले अशीच लागते."

तिनं गिटार दुसऱ्या बाजूनं धरली, खुंट्या पिळल्या आणि जयंतीचं गाणं सुरू केलं. बायका गायला लागल्या, देवराव नाचले, मीही नाचलो. संसारात हिचा असा फुललेला चेहरा मी पाहिला नव्हता.

गर्दी ओसरल्यावर सासूबाईंनी गिटार मांडीवर घेऊन सांधे चाचपले.

"हे तुमी दुरुस्त केली, जावईबापू?"

"हो," मी लाजून म्हणालो. अखेर कदर करणारं माणूस भेटलं!

"हात चांगला आहे जी तुमचा. गाणं मोनालीले करू द्या. तुमी उद्या खाप्याले या. आमचा कूलर टपकून राहिला."