आजोबांचे निर्जंतुक हात

"माझ्या हातांवर एक जंतू शोधून दाखवा, मिशी उतरवून देईन!" नवे कोरे आजोबा गरजले.

आजोबा म्हणजे दूध डेअरीतले निवृत्त स्वच्छता निरीक्षक. नोकरीत असताना त्यांनी भल्याभल्यांना हात धुवायला लावले होते. खुद्द मालकालाही एकदा नखं दाखवायला लावली होती म्हणे! आता तर काय, लेक तान्ह्या मुलीला घेऊन राहायला येणार होती. पहिलीवहिली नात! आजोबांनी तिला अजून फक्त फोनवर पाहिलं होतं, आणि त्यातही निम्म्या वेळा पडद्यावर छतच दिसायचं. तिला एकदा हातांत घ्यायचं, या एकाच ध्यासानं त्यांना पछाडलं होतं.

त्यासाठी त्यांनी फरशी पुसायच्या जंतुनाशकाचा मोठा कॅन आणला. बादलीभर पाण्यात एक झाकण टाकावं, असं त्यावर ठळक अक्षरात छापलेलं होतं.

"पाणी घालून औषधाची ताकद कशाला घालवायची?" असं म्हणत आजोबांनी ते तसंच हातांवर ओतलं आणि कपड्यांच्या ब्रशनं कोपरापर्यंत घासलं. मग हा उद्योग सुरूच झाला. पेपर वाचला की हात धुवायचे, कडी लावली की हात धुवायचे, आणि धुऊन झाल्यावर नळ बंद करताना नळाला हात लागला, म्हणून पुन्हा धुवायचे! नळ आणि आजोबा, दोघंही थकले.

लेक यायच्या आदल्या दिवशी हात लालबुंद झाले. बारीक बारीक पुरळ उठलं, आणि खाज तर अशी, की आजोबा दाराच्या चौकटीवर हात घासू लागले.

आजींनी चष्मा लावून पाहिलं. "अहो, ही तर खरूज दिसतेय!"

"स्वच्छता निरीक्षकाला खरूज? तोंड सांभाळून बोल!"

"मी तोंड सांभाळते, तुम्ही हात सांभाळा. बरं वाटेपर्यंत बाळाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही!"

झालं! लेक आली, नात आली, आणि आजोबा उंबऱ्यावर हात मागे बांधून उभे. आत आजींनी नातीला असं काही गुंडाळलं होतं, की आजोबांना लांबून नाकाचा शेंडा तेवढा दिसला. त्यांचा जीव तीळतीळ तुटला.

"जंतू चिवट दिसताहेत," असं म्हणून ते पुन्हा मोरीकडे वळले.

शेजारचे वकील चौकशीला आले. पुरळ पाहताच दोन पावलं मागे सरले. "ही नागीण! माझ्या मेहुण्याला झाली होती. पण ती शरीराच्या एकाच बाजूला उठते. तुम्हाला दोन्ही हातांवर? म्हणजे जोडीनं आलेली दिसते!"

"उपाय काय?"

"लिंबू चोळा!"

आजोबांनी लिंबू चोळलं आणि अशी काही उडी मारली, की वकिलांचा चहा वकिलांच्याच सदऱ्यावर! मग आग शमवायला टूथपेस्ट लावली. ती वाळून तडकली. आता हात पांढरे, लाल आणि पुदिन्याच्या वासाचे झाले.

तेवढ्यात खोलीतून लेक ओरडली, "आई गं! बाळाच्या मानेवर पुरळ उठलंय! पाठीवरपण!"

आजींनी मोर्चा थेट आजोबांकडे वळवला. "लावलीत ना माझ्या नातीला खरूज!"

"अगं, पण मी तिला हात कुठे लावला? लांबून नुसतं बघितलं!"

"बघितलंत ना? मग!"

एरवी वादात कुणाला हार न जाणारा हा माणूस मटकन खुर्चीत बसला. "मी आपला भावाकडे जाऊन राहतो," ते हळूच म्हणाले. "पोरगी बरी झाली की कळवा." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि टूथपेस्टच्या हातांनी ते पुसायचीही सोय नव्हती.

लेकीला ते बघवेना. तिनं सगळ्यांना रिक्षात कोंबलं आणि त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी आधी आजोबांचे हात पाहिले, मग वास घेतला. "हात कशानं धुता?"

आजोबांनी अभिमानानं सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही खरूज नाही आणि नागीणही नाही! फरशीच्या औषधानं तुमची कातडी भाजून निघालीये. धुता म्हणून पुरळ येतंय, आणि पुरळ येतंय म्हणून धुताय!"

"मग आता यावर लावू काय?"

"आधी लावणं थांबवा! लिंबू नको, टूथपेस्ट नको, ब्रश तर नकोच. सौम्य साबण, कोमट पाणी, हात चोळायचे नाहीत, टिपायचे. वर साधी पेट्रोलियम जेली. खाज सुटली तर गार पाण्याची पट्टी ठेवा, नखं लावू नका. हे कुणाला लागत नाही."

"पण बाळाला लागलं की!" आजी म्हणाल्या.

बाई बाळाकडे वळल्या आणि एकेक आवरण उतरवू लागल्या. दुलई निघाली, शाल निघाली, दुपटं निघालं, लोकरीचा स्वेटर निघाला, त्याखाली आणखी एक स्वेटर! टेबलावर ढीग झाला तेव्हा कुठे घामानं निथळणारी नात सापडली.

"हे घामोळं आहे. सैल सुती झबलं घाला, वारा लागू द्या, आपोआप जाईल. हिला गुंडाळलं कुणी?"

आजी भिंतीवरचा त्वचारोगांचा तक्ता फार मन लावून वाचू लागल्या. आजोबांनी मात्र जन्मात पहिल्यांदा, टोमणा तयार असूनही मारला नाही. त्यांना दुसरंच विचारायचं होतं, आणि ते एकदा बाळाकडे, एकदा आपल्या हातांकडे बघत होते.

शेवटी लेकीनंच विचारलं, "बाबांनी हिला घेतलं तर चालेल?"

"हात साध्या पाण्यानं धुऊन घेऊ द्या, आणि खुशाल घेऊ द्या!"

आजोबांनी हात धुतले, टिपले, आणि बाहेरच्या बाकावर ताठ बसले. लेकीनं बाळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं. नातीनं एक डोळा उघडून निरीक्षण केलं, जांभई दिली आणि झोपून गेली. आजोबांनी श्वाससुद्धा बेतानं घेतला. देवा, सुटलो एकदाचा!

आणि नेमकं तेव्हाच त्यांचं नाक खाजायला लागलं.

"बाबा, द्या तिला इकडे क्षणभर," लेक म्हणाली.

"मुळीच नाही!" नाक मुरडलं, मिशी हलवली, ओठ फुगवून फुंकर मारली. खाज काही हटेना. समोर बसलेले पेशंट टक लावून बघत होते. अखेर आजी उठल्या, आणि भर दवाखान्यात नवऱ्याचं नाक खाजवू लागल्या.

"जरा डावीकडे," आजोबा डोळे मिटून म्हणाले. "हां... तिथंच!"