उघड्या गाडीवरचं लुगडं

त्या सकाळी गॅरेजमधी कोन कोन होतं ते आदी सांगते, म्हंजे मागून कुनी बोलाया नको की चांगुनाबाय बनवून सांगते. एक जोमा पेंटर, ज्याची ही गोष्ट. दुसरा हुसेनमिया, गॅरेजचा मालक. तिसरी ठमाबाय, जोमाची मेव्हनी, नेरे गावातनं आलेली. चौथे देसाईसायेब, ज्यांची गाडी होती ते. आनि मी, गाड्या घासनारी.

हा जोमा पेंटर उघड्या गाडीवर लुगडं घालायचा.

उघडी म्हंजे कशी, तर नवा रंग मारायच्या आदी जुना सगळा काडावा लागतो. खाली नुसता पत्रा ऱ्हातो. जोमाला ते बघवायचं नाय. "उघडी हाय बिचारी, मान खाली घाला," बोलायचा आनि दोरीवरचं एकादं जुनेर ओढून तिच्यावर टाकायचा. गिऱ्हाईक आला तरी वर नाय करू द्यायचा. एका शेटनं जबरदस्ती केली तर त्याला बोलला, "शेट, तुमी आंघोळीला बसता तवा आमी येतो का बघाया?" शेट गाडी घेऊनच गेला. हुसेनमिया कपाळाला हात लावून बसला.

आमचं गॅरेज पनवेलच्या जुन्या पुना रस्त्याला. वर पत्रा, बाजूला बोअर, त्याचं पानी खारं. समोरून न्हावा शेव्याचे ट्रेलर जायचे, सगळी धूळ आमच्याकडं. माझा नवरा मिठागरात होता, तो गेला तवा मी इथं लागले. रंग काडायचं एक औषध येतं, रिमूव्हर बोलतात. ब्रशनं लावलं की रंग पापडासारका फुगतो, मंग पत्रीनं खरवडायचा. हातावर पडलं की चामडी पन तशीच फुगते. माझी बोटं बघितलीत तर नखं नीट नाय दिसायची. रडून काय होनार, पोरांना भात लागतो.

पयल्या दिवशी मी पत्री घेतली तर जोमानं हात धरला. गाडीच्या दारावर टकटक केलं. आत कोन नव्हतं.

"काय रं जोमाभाव, कुनाला बोलवतंस?"

"विचारून घ्यावं गं चांगुना. येवडी वर्सं अंगावर हाय तो रंग. एकदम ओढायचा काय?"

मला वाटलं, वासानं डोकं फिरलंय. त्या वासानं फिरतं पन.

रंग काडता काडता तो गाडीचं आयुष्य सांगायचा. काळ्या रंगाखाली एकदा लाल निघाला. बोलला, "कुनाच्या तरी हौसेची होती. मंग दिवस फिरले आनि ट्याक्सीला लावली." खरं खोटं कोन विचारतो. आनि कामाला एकदम कडक. गंजाचा येवडासा ठिपका ऱ्हायला तरी परत घासाया लावायचा. "आदी पोट साफ, मंग तोंडाला पावडर," हे त्याचं ठरलेलं. हुसेनमिया बोलायचा, "जोमा, गिऱ्हाईक पोट बघत नाय रे बाबा, तोंड बघून जातो." जोमा बोलायचा, "गंज बघतो ना पन. तो आतून खात येतो."

झाकाया कापड लागायचं म्हनून तो आळीत घराघरात जुनेर मागत फिरायचा. बाया हसायच्या. त्याची बायको मंजुळा जास्त हसायची. तिला पोर नव्हतं, पन तोंड होतं. मला बोलायची, "चांगुना, एक सवत असती तर भांडले असते. ह्याच्या सवती रोज नवा नंबर लावून येतात." आनि स्वताच जुनी लुगडी धुऊन गॅरेजात पाठवायची.

मंजुळा कावीळ होऊन गेली. औषध झाडपाल्याचं केलं, मंग दवाखाना केला, नाय वाचली.

आमच्यात बाई गेली की तिची लुगडी बहिनी, नंदा वाटून घेतात. तशी वाटली. एक जांभळं, कोयरीच्या काठाचं, तेवडं सापडलं नाय. जोमा बोलला, "ते गॅरेजात नेलं, कामाच्या कापडात गेलं."

गॅरेजात ते होतं. पन त्याच्यावर रंगाचा ठिपका नव्हता. वेगळ्या खिळ्यावर, घडी करून. गाड्या येऊन जायच्या, ते कुनावर नाय पडलं. मी घासता घासता बघायची. बोलले नाय. आपलं काम आपन करावं.

ठमाबाय म्हंजे मंजुळाची बहीन. तिनं एकदा येऊन बघितलं आनि त्याला धरलं.

"भावजी, मेल्या बाईचं लुगडं घरात ठेवलं की तिचा पाय निघत नाय."

"घरात कुटं हाय? गॅरेजात हाय."

"तिला काय घर आनि गॅरेज कळतं?"

"तिला सगळं कळायचं," जोमा बोलला आनि परत घासाया लागला.

वर्षसराद आलं तवा मातर तो कबूल झाला. सरादाच्या सकाळी येऊन घेऊन जा बोलला.

त्याच वक्ताला देसाईसायेबांची गाडी आमच्याकडं होती. जुनी विलायती, त्यांच्या वडलांची, गोल डोळ्यांची. सायेब नव्या पनवेलात ऱ्हायचे. त्यांची आई खाटेवर होती. तिला एकदा त्या गाडीतून खाडीवर फिरवून आनायची, असं त्यांच्या मनात. आमी दारं, टप, सगळं खरवडून काडलं. शेवटी बोनेट. त्याच्यावर रंगाचे थरच थर होते, दिवस मोडला.

पत्रा उघडा झाला आनि लाईट गेली. लाईट नाय तर कंप्रेसर नाय, कंप्रेसर नाय तर प्रायमर नाय, म्हंजे रंगाखालचा पयला हात. आनि आमच्या खाडीच्या हवेत उघडा पत्रा एका रातीत तांबूस होतो. हुसेनमिया बोलला, कोरडी ताडपत्री टाक. ताडपत्री फाटकी, ती टपाला पुरली. बाकीची जुनेरं दारांवर.

जोमानं त्या दुपारीच मंजुळाचं लुगडं धुतलेलं. दुसऱ्या दिवशी सराद, द्यायचं तर धुऊन द्यावं. बोअरच्या खाऱ्या पान्यात धुतलं आनि ते नीट वाळलं नव्हतं. तेच त्यानं बोनेटवर पसरलं. इकडं तिकडं ओढून काठ सरळ केला. मी घरी जाता जाता बघितलं. वल्लं कापड, ते पन खारं, कोऱ्या पत्र्यावर. असं कोनी शिकाऊ पन नाय करनार. मला वाटलं, याला माहीत असेल काय करतो ते.

सकाळी सगळे जमलो. ठमाबाय पिशवी घेऊन. देसाईसायेब गाडी बघाया. जोमानं लुगडं उचललं.

पत्र्यावर लुगडं उटलेलं. तांबड्या गंजाचं. काठाची एकेक कोयरी, काठावरच्या रेघा. आनि पदराजवळ मंजुळानं एक ठिगळ लावलेलं, त्या ठिगळाचे टाके. वाकडेतिकडे. तिला शिवाया येत नव्हतं.

"या अल्ला," हुसेनमिया बोलला.

सायेब बोलले, "अहो, हे काय करून ठेवलंत? सगळा गंज चढला की."

ठमाबायनं बोट लावलं. "हा ताईचा टाका हाय." मंग तिच्यानं पिशवी उघडवेना. "भावजी, ऱ्हाऊ दे का लुगडं? मी कुनाला नाय सांगत."

"ने," जोमा बोलला. "तिचा पाय निघू दे."

ती लुगडं घेऊन गेली. सायेबांना हुसेनमियानं चा पाजला, घासून काडतो बोलला, आई फिरेल तुमची. मी पॉलिश पेपर भिजवला तर जोमानं माझ्या हातातनं घेतला. "तू दारं बघ."

तो एका कडेनं घासत आला. काठ गेला, कोयऱ्या गेल्या. हात बारीक बारीक फिरवत होता, जसं न्हान्या पोराचं डोकं पुसतात. दुपार झाली, लाईट आली. कंप्रेसर सुरू केला, प्रायमरची गन घेतली. मी बोनेटकडं बघितलं. डायवरच्या बाजूला तळहाताएवडा तुकडा तसाच होता. ते ठिगळ.

"जोमाभाव," मी बोलले, "पोट साफ नाय."

"ऱ्हाऊ दे."

हुसेनमिया माझ्या मागं उभा होता. त्यानं पन बघितलं. सायकलचं टायर उगाच इकडचं तिकडं ठेवलं आनि भायेर गेला. जोमानं गन मारली.

गाडी बाटलीसारकी हिरवी झाली. सायेबांच्या आईला मागच्या शीटवर टेकवून नेलं, तिनं काचेतून खाडी बघितली म्हने. गाडी निघाली तवा आमी रस्त्यावर उभे होतो. जोमा तिच्याकडं नाय, बोनेटकडं बघत होता.

पावसाळा झाल्यावर सायेब परत आले. आई तवर गेलेली. बोनेटवर फोड आलेला, तळहाताएवडा. "जोमा, तुमच्या कामाला असं कधी होत नाही," बोलले. रागावले नाय, त्याचंच वाईट. जोमानं त्या फोडावरनं हात फिरवला, आजारी मानसाचं अंग बघतात तसा.

"माझीच चूक, सायेब. पन मला नाय जमनार आता. दुसरीकडं न्या."

उभ्या जन्मात त्यानं काम नाय बोलून सोडलेलं, ते हे एकच. लोक बोलाया लागले, पेंटरचा हात गेला. गिऱ्हाईक तुटलं. तो ऐकून घ्यायचा. उघड्या गाडीवर त्यानं परत काय घातलं नाय. ताडपत्री टाकायचा, सगळे टाकतात तशी. दारावर टकटक पन बंद. ते मला जास्त लागलं.

जोमाला जाऊन पन आता लय वर्सं झाली. त्याचं जुनेर मागाया कोन आलं नाय. सायेबांनी ती गाडी विकली असं ऐकलं, कुनाला ते नाय माहीत.

म्हनून हे सांगितलं. गोल डोळ्यांची, हिरवी जुनी गाडी कुनाकडं असेल आनि बोनेटवर डायवरच्या बाजूला फोड असेल, तर तेवडी जागा ऱ्हाऊ द्या. काडायचीच असेल तर आदी दारावर टकटक करा. आनि पत्रा उघडा झाला की वर काय तरी टाका. कोरडं टाका.