रेंडर लागलंय

ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मंद होता, आणि त्यातून मामांना रोज मिळणारा फायदा असा: दुपारची एक डुलकी, बुद्धिबळाचा एक डाव, खालच्या चष्मेवाल्याकडचा आयता चहा आणि घरीदारी कुठेच न मिळणारी शांतता. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती. अधूनमधून त्या कॉम्प्युटरच्या नावाने ओरडावे लागे. ते ओरडणे म्हणजे त्या सगळ्या सुखाचे भाडे होते, आणि मामा ते कधी थकवत नसत.

मामांचे काम न बांधलेल्या घरांची चित्रे करण्याचे. बिल्डर नकाशा देत. मामा कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करत, खिडक्यांतून ऊन सोडत, सोफ्यावर उशा टाकत आणि शेवटी एक बटण दाबत. मग मशीन त्या सगळ्याचा फोटोसारखा देखावा तयार करायला घेई. याला रेंडर म्हणतात. जुने मशीन एका चित्राला इतका वेळ घेई, की तेवढ्यात माणूस जेवून, हात धुऊन, एखाद्या नातेवाइकाशी फोनवर भांडून पुन्हा समेटही करून येईल. त्या वेळात माउसला कुणाचा धक्का लागला तर सगळे फिसकटते, असे मामांनीच ऑफिसात पसरवून ठेवले होते. रेंडर चालू असताना मोठ्याने बोलायचे नाही, कपाटाचे दार आपटायचे नाही आणि मामा कुठे आहेत हे विचारायचे नाही. यातला एकही नियम खरा नव्हता, पण ऑफिस सगळे पाळत होते. मामा "रेंडर लागलंय" म्हणत, चष्म्याचे घर खिशात टाकत आणि जिना उतरत.

ऑफिस मामांच्या भाच्याचे, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मुलाचे. पोरगा चलाख, जिभेवर साखर. गिऱ्हाइकासमोर मामा त्याला 'साहेब' म्हणत, एरवी 'अरे'. तो मात्र दोन्ही वेळा 'मामा' म्हणे, त्यामुळे गिऱ्हाइकेही मामाच म्हणू लागली होती.

एके दिवशी भाचा कॉम्प्युटरवाल्याला बरोबर घेऊनच आला.

"मामा, मोठं काम मिळालंय. पार सगळी वसाहतच आहे. बिल्डर म्हणतोय, चित्रं भराभर पाहिजेत. तेव्हा तुमचं मशीन बदलतोय. इतकी वर्षं ओरडत होतात ना, घ्या."

मामांना नवे मशीन नकोच होते, पण नको म्हणायची सोय नव्हती. इतकी वर्षे ज्याला डबडे, खटारा आणि पूर्वजन्मीचे पाप म्हटले, ते अचानक बरे आहे कसे म्हणणार? कॉम्प्युटरवाल्याने खुर्ची पुढे ओढली.

"नवी मॉडेलं येतायत, मामा. आता कंपन्यासुद्धा आधी विचारतात, प्रोफेशनल माणसाला नेमकं काय पाहिजे. गेम खेळणाऱ्यांचं सोडा. तुमच्यासारख्यांच्या शब्दाला वजन आहे. बोला."

मामांनी डोळे मिटून मनाशी हिशेब केला. थोडे मागितले तर मिळेल. तेव्हा इतके मागायचे, की भाच्यानेच हात जोडले पाहिजेत.

"पहिली गोष्ट," मामा म्हणाले, "पातळ नको. ताटलीएवढं मशीन आणून मला दाखवायचं नाही. पेटी पाहिजे. उघडली की कोपरापर्यंत हात आत गेला पाहिजे."

"पेटीच देतो."

"ग्राफिक्स कार्ड सगळ्यात मोठं. आणि एक नाही, दोन."

"दोन कशाला, मामा?" भाच्याने विचारले.

"बघ. एकच परवडत असेल तर राहू दे सगळं. मी आहे त्यात भागवतो."

"दोन बसतात," कॉम्प्युटरवाला घाईघाईने म्हणाला. "आरामात बसतात."

"मेमरी तुमच्या दुकानात असेल नसेल तेवढी."

"सगळ्या खाचा भरून टाकू."

"आवाज मुळीच नको. पंखा घुरघुरला तर मी काम करणार नाही."

"पाण्यावर थंड होणारं देतो."

"विजेच्या पेटीत पाणी?" मामांनी आशेने भाच्याकडे पाहिले. लहानपणी तो पाण्याला फार भ्यायचा. पण तो आता मोठा झाला होता. नव्या मशीनचे नाव सांगून बिल्डरकडून दर किती वाढवून घेता येईल, याचे गणित त्याच्या डोळ्यांत चालू होते.

"आणि वायरी खुपसायची भोकं पुढच्या बाजूला. एवढीएवढीशी वायर लावायला टेबलाखाली रांगत जायचं, डोकं आपटायचं, आणि वर कळतं की उलटी लावली. ज्यांनी ही भोकं मागं ठेवलीत ना, त्यांनी एकदा माझे गुडघे घेऊन बघावं."

इथे मामांचा जरा घोटाळा झाला. मागण्या खोट्या म्हणून सुरू झाल्या होत्या, पण भोकांचे दुःख खरे निघाले. आवाज चढला, मान ताठ झाली. पेटीवर रंगीत दिवे नकोत म्हणाले. मी चित्रं करतो, सर्कस चालवत नाही. बिघडले तर आपल्याला उघडता आले पाहिजे म्हणाले. स्क्रू फिरवायची परवानगी मागायला मी कंपनीच्या दारात उभा राहणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारले होते, आणि मामा नको असलेल्या मशीनसाठी मनापासून भांडत होते.

"देऊन टाका," भाचा म्हणाला. "मामांना पाहिजे ते सगळं."

त्या दुपारी चष्मेवाल्याने घोडा पुढे सरकवत विचारले, "मग? येतंय म्हणता?"

"येऊ दे. आलं म्हणजे चाललं असं थोडंच आहे."

"चाललं तर आपला डाव?"

"डावाला कोण हात लावतो ते बघतो मी."

मशीन आले ते दोघांनी दोन्हीकडून धरून. कॉम्प्युटरवाल्याने जुने मशीन काखोटीला मारले आणि मामांना परतीची वाट ठेवली नाही. नव्याचे बटण दाबले मात्र, इमारतीची वीज गेली. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडे ठेवून अंधारात तसेच राहिले.

अंधारात मामांचा चेहरा मात्र उजळला. "बघितलंस? मी सांगत नव्हतो? ही इमारत ह्याला पुरी पडणार नाही. वेगळी लाइन आल्याशिवाय मी ह्याला बोट लावणार नाही. कुणीही सांगू दे."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट खाली आल्या. "वीज कुणी घालवली?"

"आम्ही," मामा छाती काढून म्हणाले. "आणि हे मशीन इथं राहिलं तर रोज घालवू. तुम्हीच सांगा ह्याला, परत पाठव म्हणून."

बाईंनी मशीनकडे पाहिले, भाच्याकडे पाहिले आणि मोजे काढले. "परत कशाला? लाइनच वेगळी घेऊ या की. मी केव्हाची घरमालकाच्या मागं लागलेय, एकटीचं तो ऐकत नाही. आता आपण दोघं झालो. अर्धा खर्च माझा."

"बाई, तुम्ही देवासारख्या आलात," भाचा म्हणाला. मामांना बाई कशासारख्या वाटल्या, ते त्यांनी सांगितले नाही.

लाइन आली. मामांनी एका दिवाणखान्याचे चित्र जुळवले, बटण दाबले, सवयीने "रेंडर लागलंय" म्हटले आणि चष्म्याच्या घराकडे हात नेला. हात पोचायच्या आत मशीनमधून 'टिंग' आले. पडद्यावर दिवाणखाना तयार होता. उशीची शिवणसुद्धा दिसत होती.

"काहीतरी चुकलंय," मामा म्हणाले आणि पुन्हा बटण दाबले. टिंग.

भाचा मागे उभा होता. "वा, मामा. म्हणजे आता दिवसभर चित्रं."

त्याने हीच बढाई बिल्डरपुढे मारली, आणि तिथे खरा घात झाला. जुन्या मशीनच्या काळात बिल्डर एक चित्र बघे आणि पसंत म्हणून निघून जाई, कारण दुसरे मागितले तर वाट बघावी लागे. आता तो स्टूल घेऊन मामांच्या शेजारीच बसू लागला.

"मामा, पडदे निळे करा बरं."

टिंग.

"नको. पहिलेच बरे होते. आकाश जरा संध्याकाळचं करता का?"

टिंग.

"छान. आता पडदे निळे कसे दिसतात बघू."

"आत्ताच बघितलेत ना?"

"ते सकाळी बघितले. संध्याकाळी कसे दिसतात बघू. आणि गॅलरीत एखादं कुत्रं टाका."

टिंग.

"कुत्र्यामुळं जागा लहान वाटतेय. मांजर टाका."

मामांची डुलकी पहिल्याच दिवशी गेली. चहा दुसऱ्या दिवशी गेला. खाली चष्मेवाला पट मांडून बसे आणि गिऱ्हाईक आले की पट तसाच ठेवून चष्मे विके. संध्याकाळी जिन्यात गाठ पडली तेव्हा तो म्हणाला, "तुमचा वजीर अजून माझ्या उंटाच्या तोंडाशी उभा आहे. त्याला तरी काही निरोप?"

हे मामांना लागले. मशीनपुढे हार मानली असती. वजिराचे ऐकून घेणे कठीण होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्डर मांजराचा रंग ठरवत असताना मामा खुर्चीवरून उठले, चष्म्याचे घर खिशात टाकले आणि दाराकडे निघाले. भाच्याने मान वर केली.

"मामा, कुठं? रेंडर लागलंय का?"

इतकी वर्षे हे वाक्य मामांच्या तोंडी तयार असे. ते त्यांनी गिळले.

"नाही. झालंय. म्हणूनच चाललोय."

"अहो, साहेब बसलेत."

"बसू देत. अरे, मशीन घाम गाळत होतं तेव्हा मी मोकळा होतो. आता ते चुटकीसरशी मोकळं होतं आणि घाम मी गाळायचा? हे मशीन मी भांडून मिळवलंय. त्यानं वाचवलेला वेळ माझा आहे. तुझाही नाही आणि ह्यांच्या मांजराचाही नाही."

"आईला सांगू का?"

"सांग. तिनं मला लहानपणी कपाटात कोंडलं होतं, तेव्हासुद्धा मी गृहपाठ केला नव्हता."

बिल्डर गोंधळून दोघांकडे पाहत होता. "पण मांजराचं काय?"

मामा परत आले. त्यांनी बिल्डरला दंडाला धरून स्टुलावरून उठवले आणि स्वतःच्या खुर्चीत बसवले. "हे मांजर. हे त्याचे रंग. हा पडदा, हे आकाश. पाहिजे ते निवडा आणि हे बटण दाबा. झालं."

"मला जमेल?"

"तुम्हाला बिल्डिंगी जमतात. हे तर मांजर आहे."

मामा जिना उतरले. नोकरी राहते की जाते, याचा निकाल वरून यायचा होता. त्यांनी वजीर एक घर मागे घेतला, चहा मागवला आणि कान जिन्याकडे लावून बसले. वरून भाच्याची हाक आली नाही. नुसते टिंग येत राहिले. टिंग. टिंग. मग बिल्डरचे खूश झालेले हसू आणि पुन्हा टिंग.

बिल्डर रोज यायला लागला. आपल्या हाताने गच्च्यांवर झाडे लावू लागला, भिंती रंगवू लागला, ऊन हलवू लागला. सकाळी मामा घर उभे करून देत, दुपारी तो सजवत बसे. बाकीच्या वसाहतींचे कामही त्याने याच ऑफिसला दिले, एका अटीवर, की ती खुर्ची दुपारी त्याचीच. त्यानंतर भाच्याने आईचे नाव काढले नाही.

पुढच्या हंगामात कॉम्प्युटरवाला पुन्हा आला आणि थेट जिन्याखालीच सापडलेल्या मामांपाशी बसला. "मामा, आणखी नवं मॉडेल येतंय. प्रोफेशनल माणसाला काय पाहिजे ते सांगा."

"मला कशाला विचारतोस? दुपारभर वापरतात ते वर बसलेत. त्यांना विचार."

कॉम्प्युटरवाला वर गेला आणि लगेच उतरला. चेहरा पडलेला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, भागीदाराचा फोन येतो, साइटवरून येतो, बायकोचा येतो. सगळे विचारतात, काय करताय. सांगायला काही कारणच उरत नाही, चित्र तर केव्हाच झालेलं असतं. तेव्हा जरा वेळ लावणारं एखादं मॉडेल आहे का म्हणतात."

चष्मेवाला हसून पटावर पडायचाच बाकी राहिला. मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, "त्यांना म्हणावं, तसलं एकदम मिळत नसतं. आधी बरीच वर्षं ओरडावं लागतं. आणि खुर्ची मी परत घेणार नाही, हेही सांग."

हिशेब शेवटी असा झाला. मशीनचे पैसे भाच्याने दिले, लाइनचे अर्धे डॉक्टरीणबाईंनी. मामांच्या खिशाला तोशीस लागली नाही. दुपारभर त्या मशीनवर बिल्डर राबत होता, आणि त्या राबण्याचे बिल भाचा दर महिन्याला त्यालाच पाठवत होता.