नानासोंची लांबची लेन्स

दोन हजार तेवीस साल होतं. उसाची तोड संपत आली होती. पलूसजवळच्या मळ्यात नानासो एकटेच राहत. सारा जन्म एसटी चालवण्यात गेलेला. बायको बनुबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या बाराव्याला उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडला, तो शेवटचा. पुढे तिथे एकच जोड दिसे. सुरुवातीला लोक येत, पण टेकल्या टेकल्या "कसं झालं वं?" विचारत, आणि नानासो मोटार चालू करायचं निमित्त काढून विहिरीकडे निघून जात. मग लोक यायचे थांबले. नानासोंना हवं होतं तेच झालं, आणि दिवस मात्र सरेनात.

म्हणून त्यांनी पाखरांचे फोटो काढायचं मनावर घेतलं आणि सांगलीला जिनपालच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

"काका, पहिल्यांदा ही बारकी लेन्स न्या," जिनपाल म्हणाला. "माणसं झकास येत्यात. फकस्त जवळ जावं लागतं."

"जवळ जायचं न्हाई म्हणूनच आलोय. सगळ्यात लांबचं दाखव."

जिनपालनं मुसळाएवढी लेन्स काढली. "हिच्यात समोरचं माणूस मावायचं न्हाई बघा. निस्तं नाक येतंय."

"पाखराला कुठलं आलंय नाक? बांध."

नानासोंनी खंड्या टिपला, वेडे राघू टिपले. फोटो निघाला की ते मान वळवून "बघितलंस का" म्हणत, आणि मग उगाच कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करत.

अशात गावातल्या मंगलचा शिवतेज फौजेतून रिटायर होऊन यायचा होता. अशा फौजीला उघड्या जीपमधून वाजतगाजत दारापर्यंत न्यायची गावाची रीत. पण ठरलेला फोटोवाला वडूजला लग्नात अडकला. मंगल मळ्यात आली आणि बांधावरच उभी राहिली.

"आवं नानासो, तुमच्याकडं एवढं मोठं यंत्र हाय. पोराचं चार फोटो काढा की."

"ते पाखरांचं हाय."

"मग माजं पोरगं तरी कवा एका जागी बसलंय? आज जम्मू, उद्या आसाम."

नाही म्हणता येईना. स्टँडवर फेटा बांधलेला शिवतेज जीपमध्ये उभा राहिला आणि नानासोंनी कॅमेरा डोळ्याला लावला. आत डावी मिशी दिसली. ते मागे सरले. उजवी मिशीही आत आली, पण तोवर जीप पुढे आली आणि पुन्हा डावीच उरली. नानासो आणखी लांब गेले. तिथून त्यांनी थांबा म्हणून हात हलवला. लांबून तो "या" म्हणतोय असा दिसला.

हलगीवाल्या गुंडाचं सगळं आयुष्य लग्नाच्या वरातीत गेलेलं. कॅमेरा जिकडे, तिकडे तोंड करून वाजवायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. "चला रं, नानासो बोलवत्यात," म्हणून त्यानं हलगी कडाडली.

नानासो मागे, मिरवणूक पुढे. मंगल ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. जीप तिच्या समोरून निघून गेली.

"आगं बया, घर हिकडं हाय की रं," ती म्हणाली. कुणी ऐकेना, तेव्हा ताट घेऊन तीही मागोमाग निघाली.

कंडक्टरच्या शिट्टीशिवाय नानासोंनी कधी गाडी मागे घेतली नव्हती. आता मागे शिट्टी मारायला कुणी नव्हतं. दूध डेअरी गेली, कॅनॉल गेला, गाडीवाट लागली. शेवटी पाठीला काहीतरी टेकलं. ते त्यांच्याच घराचं दार होतं.

हलगी थांबली. सगळं गाव अंगणात उभं राहून एकमेकांकडे बघू लागलं. मंगलनं दाराकडे पाहिलं. बनुबाईची रांगोळी नसलेला तो उंबरा तिनं पदरानं पुसला.

"ओवाळायला उंबराच लागतोय न्हवं? ह्यो बी उंबराच हाय. ये रं शिवतेज." ओवाळून झालं तशी ती आत शिरली. "नानासो, च्याची पावडर कुठं हाय? आन् साखर एवढीच?"

"एकट्याला किती लागतीया?"

"ते आता पुरायचं न्हाई. गुंडा, पळ, साखर आण."

घर माणसांनी भरलं होतं, तरी दोन वर्षांत पहिल्यांदाच "कसं झालं" असं कुणी विचारलं नाही. आपण इथं कसं आलो, हेच जो तो दुसऱ्याला विचारत होता.

उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडला होता. नानासोंनी हळूच कॅमेरा उचलला. आत एका चपलेचा तुटका अंगठा तेवढा दिसला. ते मागे सरले आणि भिंतीला टेकले. मग त्यांनी कॅमेरा खुंटीला अडकवला आणि कप विसळायला बसले.

शिवतेज आता तासगावात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. मिरवणुकीची आठवण म्हणून डावी मिशी तेवढी त्यानं फ्रेम करून घेतली आहे. गुंडा वाजवायला उभा राहण्याआधी फोटोवाल्याला विचारतो, "पावणं, तुमचं घर कुठंशी हाय?" मंगल बाजाराच्या दिवशी मळ्यात येऊन साखरेचा डबा हलवून बघते.

आणि नानासो पुन्हा जिनपालकडे गेले.

"ही घे, बारकी दे."

"पाखरांचा कटाळा आला व्हय, काका?"

"न्हाई रं. घरात मागं सरायला जागाच ऱ्हाईना."