मोरीच्या उताराची हकीकत

श्रीगजाननास नमन, वास्तुदेवतेस दंडवत, आणि जो सांगितल्या दिवशीं कामावर येतो त्या कंत्राटदारास विशेष नमस्कार. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, वैशाख मासीं, कोणे एके राज्याचे धनी राजश्री विठोजीराजे भाड्याचे दोन खोल्यांत राज्य करीत होते. तेथील मोरींत पाणी तुंबे, आणि त्या पाण्यांत मातुश्री आऊसाहेब पाय घसरोन पडल्या, मग हातीं काठी आली आणि स्नानास जातां सूनबाईंनीं दंड धरावा ऐसा प्रसंग आला. आऊसाहेब मोठ्या मानी, त्यांस हें बहुत लागलें. “कडी लावून एकटीनं अंघोळ करीन, तेव्हाच त्याला घर म्हणीन,” ऐसें बोलिल्या, आणि राजांनीं नवा महाल बांधावयाचा निश्चय केला.

मग कंत्राटदार कोण, ही मसलत पडली. राणी सगुणाबाईंचे सख्खे बंधू रंगराव स्वतःच कंत्राटदार, ते मिशीस पीळ देऊन नकाशासह दाखल जाहले आणि म्हणाले, “दाजी, घरचा माणूस असताना बाहेर कशाला बघताय?” राजे तेथेंच विरघळले आणि विडा द्यावयास निघाले. राणीसाहेब म्हणाल्या, “विडा थांबवा. आधी दादानं बांधलेलं घर पाहून येते.” तें घर म्हणजे त्यांचें माहेरच. तेथें छतास नक्षी, दारास पितळी मूठ, ऐसी शोभा. राणीसाहेबांनीं शोभा पाहिली, चहा घेतला, आणि मोरींत जाऊन तांब्याभर पाणी ओतलें. पाणी जाळीकडे गेलें नाहीं; तें क्षणभर विचार करून उंबरठ्याकडे निघालें. तों वहिनीसाहेब खराटा घेऊन धावत आल्या आणि म्हणाल्या, “वन्सं, पाय जपून. मी रोज ढकलते, सवय झालीय.” राणीसाहेबांस भावाची लाज वाटली आणि वहिनीची कींव आली, आणि त्यांनीं दादास स्पष्ट नकार कळविला. रंगराव रुसले ते भाऊबीजेसही आले नाहींत.

मग राणीसाहेब तांब्या घेऊनच मुलूखगिरीस निघाल्या. जो कंत्राटदार येई त्याचें जुनें काम पाहात आणि मोरींत पाणी ओतीत, आणि कित्येक मातब्बर त्या तांब्यापुढें गारद जाहले. अखेर एका बाईंचे घरीं पाणी सरळ जाळींत उतरलें. कोणी बांधलें, ऐसें पुसतां बाई बोलिल्या, “हणमंत बारवे. तोंडाचे फटकळ आहेत, पण बोलावलं की येतात. अजून येतात.” विडा बारव्यांस मिळाला आणि महाल उभा राहिला.

वास्तुशांतीस रंगराव तोंड फुगवून आले, आणि पाय धुवावयास मोरींत गेले ते बाहेर येईनात. आंतून तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज. मग बाहेर येऊन भगिनीस हळूच म्हणाले, “सगुणे, हे बारवे रिकामे कधी आहेत? तुझी वहिनी रोज बोलते गं.” त्यामागें आऊसाहेब काठी टेकीत आंत गेल्या आणि आंतून कडी लागली. राणीसाहेबांचा हात सवयीनें पुढें जाहला होता, तो त्यांनीं मागें घेतला, आणि दाराशीं उभ्या राहून त्या बहुत रडल्या.

तात्पर्य इतकेंच, कीं मेहुण्यास जेवावयास बोलवावें आणि कंत्राटदार मोरी पाहून नेमावा. घडलें तैसें लिहिलें. लिहिणाराचे घरीं पाणी अद्याप उंबरठ्याकडेच येतें.